कापराच्या काजळीतून

आटपाट नगर होतं, त्याचं नाव पवई. तिथे एक तलाव होता. हसू नका रे! भोपाळच्या पोरांना तलाव म्हटलं की राजा भोजाचाच आठवतो, पण मुंबईलाही तलाव आहेत. तर त्या तलावाजवळ आयआयटी, आणि तिथे रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक, महेश्वर शेरॉन. 1990च्या सुमाराला जगभरचे रसायनवाले ग्रॅफाइटच्या कांड्या विजेच्या झोतात जाळून कार्बनची नवी नवी रूपं शोधत होते. शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्चा माल कुठला घेतला असेल?

"कोळसा," थोरला म्हणाला.

कापूर.

"आरतीचा?" धाकटीचे डोळे मोठे झाले.

तोच. आता कापूर बहुतेक पाइनच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो, झाडाचा क्वचितच मिळतो. पण रेणू तोच. त्या एका रेणूत कार्बनचे 10 अणू, हायड्रोजनचे 16 आणि ऑक्सिजनचा फक्त 1. इतका कार्बन एकदम पेटला की सगळा काही धड जळत नाही. गणपतीच्या आरतीत तबकातली वडी मागे काही न ठेवता संपते असं आपण म्हणतो, पण ज्योतीवर एखादी स्टीलची ताटली धरून बघा. मोठं माणूस जवळ असताना, बरं का. क्षणात ताटली काळीकुट्ट होते. ती काजळी म्हणजे कार्बन. 1994 साली शेरॉन आणि मंडळींनी शोधनिबंध छापला, की कापराच्या काजळीत फुलरीन सापडतात. फुलरीन म्हणजे 60 कार्बन अणूंचा पोकळ चेंडू. तो 1985 साली पहिल्यांदा ओळखला गेला आणि 1996 साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. आपल्या देवघरातल्या वस्तूतून तो निघतो म्हटल्यावर मजा वाटणारच.

पण आपली गोष्ट चेंडूची नाही, नळीची आहे. तिच्यासाठी जपानला जावं लागेल.

नागोयाला मेजो विद्यापीठ आहे. तिथे योशिनोरी आंडो नावाचे प्राध्यापक ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विजेचा झोत पेटवायचे. झोतात एक कांडी झिजते, तिचा कार्बन वाफ होऊन उडतो. काही भिंतींवर काजळी होऊन बसतो, काही समोरच्या कांडीच्या टोकावर कडक ढेकूळ होऊन जमतो. त्या काळी सगळ्यांचं लक्ष भिंतीवरच्या काजळीवर, कारण फुलरीन तिच्यात. ते ढेकूळ म्हणजे कचरा. सुमिओ इजिमा हे एनईसी कंपनीच्या त्सुकुबाच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणारे, कार्बनची चित्रं वर्षानुवर्षं बघितलेले गृहस्थ. त्यांनी काजळी सोडून ते ढेकूळ सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. आत सुया दिसल्या. आणखी मोठं करून पाहिलं तर प्रत्येक सुई पोकळ, आणि तिच्या दोन्ही कडांना समांतर रेघा: कुठे 2, कुठे 7, कुठे कितीतरी. एका नळीत दुसरी, तिच्यात तिसरी. दोन रेघांमधलं अंतर सगळीकडे तेच, 0.34 नॅनोमीटर. नोव्हेंबर 1991मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं आणि कार्बन नॅनोट्यूब हा शब्द घरोघरी नाही तरी प्रयोगशाळोप्रयोगशाळी पोचला.

इजिमांनीच या नळ्या पहिल्यांदा पाहिल्या असं पुस्तकात छापतात. ते काही तितकंसं खरं नाही. राडुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1952 सालीच अशा पोकळ कार्बनच्या तंतूंची चित्रं रशियन मासिकात छापली होती. वाचणारेच थोडे. शोध लागायला नुसतं दिसून चालत नाही, दिसलेल्याची वाट बघणारे लोकही लागतात. 1991 साली ते होते.

"0.34च का?" थोरल्याने विचारलं. हा मुलगा आकडे सोडत नाही.

कारण ग्रॅफाइटच्या दोन थरांमधलं अंतर तेवढंच असतं. मी भोपाळच्या भेल कारखान्यात होतो तेव्हा रेल्वे इंजिनांच्या मोटरी तिथे बनायच्या आणि त्यात कार्बनचे ब्रश बसायचे, फिरत्या तांब्याला घासत वीज पोचवणारे काळे ठोकळे. हाताळले की बोटं काळी. तुमच्या पेन्सिलीचंही तेच. ग्रॅफाइटचा प्रत्येक थर म्हणजे कार्बनच्या षट्कोनांची सपाट जाळी, आणि त्या जाळीत शेजारचे दोन अणू 0.142 नॅनोमीटरवर, घट्ट धरलेले. थर मात्र एकमेकांवर सैल ठेवलेले, म्हणून ते घसरतात आणि बोटं काळी होतात. ही सपाट जाळी गुंडाळली की नळी. एकाच थराची सगळ्यात साधी नळी इजिमा आणि इचिहाशी यांनी 1993 साली दाखवली, आणि 'नेचर'च्या त्याच अंकात अमेरिकेत आयबीएमच्या मंडळींनीही. तिची जाडी एक-दीड नॅनोमीटर. माणसाचा एक केस साधारण 80,000 नॅनोमीटर, आता भागाकार तुम्ही करा.

या नळ्या उगवतात कशा, ते नीट ऐका.

आयआयटीत कापरावर काम केलेले मुकुल कुमार पुढे जपानला गेले ते त्याच आंडोंकडे, ज्यांच्या ढेकळात इजिमांना नळी सापडली. 2003 साली दोघांनी मिळून कापरापासून नळ्यांचं अख्खं शेत उभं केलं. क्वार्ट्झची एक लांब नळी दोन भट्ट्यांमधून आडवी घातलेली. पहिल्या भट्टीत कापूर आणि त्यात थोडं फेरोसीन. फेरोसीन म्हणजे नारिंगी भुकटी, तिच्या प्रत्येक रेणूच्या पोटात लोखंडाचा एक अणू. मंद आचेवर दोन्हींची वाफ होते. सतत आर्गॉन वायू सोडायचा, म्हणजे एक तर वाफ पुढे ढकलली जाते आणि दुसरं, हवा आत येत नाही. हवा आली की कापूर पेटला आणि आरती झाली, नळी नाही. दुसरी भट्टी 900 अंश सेल्सियसला. तिथे कापराचे रेणू फुटतात, कार्बन मोकळा होतो. फेरोसीन फुटून लोखंडाचे काही नॅनोमीटरचे कण तयार होतात आणि आतल्या क्वार्ट्झच्या पट्टीवर बसतात.

आता गंमत त्या कणात आहे. तापलेलं लोखंड कार्बन पिऊन घेतं. लोहार आणि पोलादवाले हे हजारो वर्षं जाणतात. पण पिणार तरी किती? आजी पाक करते तेव्हा बघा, साखर विरघळते, विरघळते, आणि एका क्षणी पाकाला आणखी साखर धरवत नाही, मग कडेने दाणे धरायला लागतात. लोखंडाच्या कणाचं तसंच. कार्बन पोटात मावेनासा झाला की तो पृष्ठभागावर बाहेर येतो, आणि कणाचा आकारच इतका चिमुकला की बाहेर आलेली जाळी सपाट पसरायला जागा मिळत नाही. ती कणाभोवती वळते, टोपी तयार होते, टोपीच्या कडेला नवे अणू जोडले जातात, आणि टोपी वर ढकलली जाऊन खाली भिंत वाढत जाते. कण पट्टीला घट्ट चिकटला असेल तर नळी मुळापासून वाढते. सैल असेल तर कण टोकावर बसून वर वर जातो. कणाचा व्यास जवळजवळ नळीचा व्यास ठरवतो. म्हणून या कामात भट्टीवाल्यांची खरी झोंबाझोंबी लोखंडाच्या कणांशी चालते. ते एकमेकांत मिसळून मोठे झाले की नळ्या जाड होतात, कार्बन वाजवीपेक्षा जास्त सोडला तर कणावर पापुद्रा धरतो आणि वाढ थांबते. मग सगळं गार होऊ द्यायचं, आर्गॉन चालूच ठेवायचा. घाईने उघडलं आणि गरम नळ्यांना हवा लागली तर जे उगवलं तेच जळेल. शेवटी पट्टी बाहेर काढली की तिच्यावर काळी मखमल. एकेक धागा डोळ्यांना दिसणार नाही, पण कोट्यवधी शेजारी शेजारी सरळ उभे असल्यामुळे मखमल दिसते.

या वाढीचं चलच्चित्रही आहे. डेन्मार्कच्या टॉपसो कंपनीतल्या मंडळींनी 2004 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच मिथेन सोडून निकेलच्या कणावर कार्बनचा तंतू उगवताना टिपला. तो कण मध्येच लांबोळा ताणला जातो, मग एकदम आखडून गोल होतो, पुन्हा ताणला जातो. धातूचा कण, आणि असा हातपाय ताणतो! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

"आणि लांब किती होते?"

बहुतेक नळ्या मायक्रोमीटरमध्ये मोजायच्या. पण बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात 2013 साली एक अर्ध्या मीटरहून लांब उगवली. तिच्या ताकदीचे आकडे सांगू लागलो तर रात्र जाईल. पोलाद तिच्यापुढे फिकं पडतं एवढं पुरे. मला त्या आकड्यांपेक्षा दुसरीच एक गोष्ट अधिक नवलाची वाटते, आणि त्यासाठी कागद आणा. षट्कोनांची जाळी काढा त्यावर, सगळे सारखे. वहीची मागची पानं चालतील.

एका षट्कोनावर टिंब करा. तिथून षट्कोनांच्या रांगेतून सरळ 10 घरं जा. मग 60 अंशात वळा आणि आणखी 10 घरं जा. पोचलात त्या घरावर दुसरं टिंब. आता कागद असा गुंडाळा की दुसरं टिंब बरोबर पहिल्यावर येऊन बसेल. झाली (10,10) नावाची नळी. नळीला नाव असतं ते असं, दोन आकड्यांचं. 10 घरं सरळ आणि वळून शून्य घरं चाललात तर (10,0). मधलं काही घेतलंत तर षट्कोनांची रांग पीळ घेत नळीभोवती चढते. कागद तोच, षट्कोन तेच, फक्त गुंडाळायचा कोन निराळा.

आणि कोनाने काय बदलतं? वीज. नळीच्या घेराभोवती इलेक्ट्रॉनच्या लाटेला पूर्ण बसावं लागतं, अर्धवट लाट चालत नाही. घेर कुठल्या कोनाने घेतला यावर कुठल्या लाटा बसतील ते ठरतं. त्यातून निघालेला नियम इतका सोपा की तिसरीतल्या मुलाने करावा. पहिल्यातून दुसरा आकडा वजा करा. उत्तराला 3ने भाग गेला तर नळी तांब्यासारखी वीज वाहणारी, नाही गेला तर सिलिकॉनसारखी अर्धवाहक. (10,10)? वजाबाकी शून्य, भाग जातो, धातू. (11,9)? 2 उरले, अर्धवाहक. आता या दोघींची जाडी काढली तर दोन्ही 1.36 नॅनोमीटर, फरक तिसऱ्या दशांश स्थळावर. जवळजवळ सारख्याच जाडीच्या, त्याच कार्बनच्या, एक मोटरीतली तार होईल आणि दुसरी संगणकातला ट्रान्झिस्टर. हिऱ्याची आणि कोळशाची तुलना लोक उगाच करत बसतात. खरं कौतुक या दोघींचं करायला हवं.

हे भाकीत 1992 साली कागदावर झालं. खरं आहे की नाही हे बघायला सहा वर्षं लागली. 1998 साली हॉलंडच्या डेल्फ्टमधल्या आणि अमेरिकेच्या हार्वर्डमधल्या दोन गटांनी एका नळीवरून अणूएवढी टोकदार सुई फिरवून तिच्यावरचे कार्बनचे अणू एकेक मोजले, कोन काढला, आणि त्याच सुईने त्याच नळीची वीज मोजली. नियम बरोबर निघाला. 'नेचर'च्या एकाच अंकात दोन्ही निबंध.

पण रोज उठून सुई फिरवणं जमत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बघायचं तर तिथे वेगळीच पंचाईत: फार वेगवान इलेक्ट्रॉन मारले की कार्बनचा अणूच उडून जातो. ज्याचं छायाचित्र काढायचं त्याच्या घराच्या विटा पडतात. म्हणून 80 किलोव्होल्टच्या आसपास राहायचं, त्याच्या थोडं वर गेलं की विटा पडायला सुरुवात. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात आपली युक्ती मात्र प्रकाशाची.

"रामन!" दोघं एकदम ओरडली. 28 फेब्रुवारीला श्यामला हिल्सच्या विज्ञान केंद्रात शाळेतून गेलेली मुलं ती.

रामन. 1928 साली कोलकात्यात त्यांनी दाखवलं की पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशातला थोडासा भाग रंग बदलून येतो, कारण पदार्थातले अणू कंप पावताना त्यातली थोडी ऊर्जा घेतात किंवा देतात. नॅनोनळीत एक खास कंप आहे: सगळे अणू एकाच वेळी बाहेर फुगतात, एकाच वेळी आत येतात. शास्त्रज्ञ त्याला नळीचा श्वास म्हणतात. बारीक नळी भरभर श्वास घेते, जाड नळी सावकाश. लेसर टाकायचा, परत आलेल्या प्रकाशात श्वासाची रेघ कुठे पडली ते बघायचं, आणि जाडी काढायची. लेसरचा रंग बदलून बदलून पाहिलं तर दोन आकड्यांचं पूर्ण नावही कळतं. दुकानदाराने नमुना दिला तर पहिली तपासणी आजही हीच.

आपल्या भोपाळातही होशंगाबाद रोडवर हबीबगंज नाक्यापाशी एम्प्री आहे ना, जुने लोक अजून आरआरएल म्हणतात. 1981 साली ती प्रयोगशाळा सुरू झाली, 2007 साली नाव बदललं. औष्णिक वीज केंद्रांची राख, ॲल्युमिनियमच्या कारखान्यांचा लाल चिखल, या टाकाऊ मालातून कामाचे पदार्थ काढणं हे तिचं जुनं काम, आता नॅनो पदार्थही. राखेचा इथे संबंध काय म्हणाल तर राखेत लोखंड असतं. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 साली दगडी कोळशाच्या राखेवरच नॅनोनळ्या उगवून दाखवल्या. सारणीच्या वीज केंद्रापाशी जी राख ढीग होऊन पडते, तशीच राख.

नळी काही फार श्रीमंत प्रयोगशाळेचीच मक्तेदारी नाही. आयआयटी कानपूरच्या मंडळींनी 2005 साली मोहरीच्या तेलाच्या दिव्याची काजळी धुऊन, शुद्ध करून तिच्यातून नॅनोनळ्या वेगळ्या केल्या. 2006 साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या पॉफ्लर यांनी सतराव्या शतकातल्या दमास्कसच्या तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवला, तेव्हा त्यात नळ्या निघाल्या. अशा तलवारींचं पोलाद हिंदुस्थानातून जायचं. तामिळनाडूत कीळडीला उत्खननात मिळालेल्या, इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातल्या खापरांच्या काळ्या लेपातही त्या सापडल्याचं 2020 साली प्रसिद्ध झालं. यावरून आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होतं असं कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर पुढे ढकलू नका. कुंभाराला लेप टिकाऊ हवा होता, लोहाराला धार हवी होती. नळ्या त्यांच्या नकळत झाल्या, आणि त्यांच्या हाताला यश होतं हे त्यामुळे कमी होत नाही.

आता जरा गंभीर. 2 डिसेंबर 1984च्या वायुगळतीच्या रात्रीनंतर या भोपाळ शहरात कुठल्याही नव्या पदार्थाचं कौतुक ऐकलं की पाठोपाठ प्रश्न येतोच: हे श्वासात गेलं तर? तो विचारलाच पाहिजे. 2008 साली एडिनबरोच्या संशोधकांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब, ताठ नळ्या सोडून पाहिल्या, तर ॲस्बेस्टॉसने येते तशी सूज आली. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. म्हणजे इथेही आकारच महत्त्वाचा. म्हणून भट्टीतून ती काळी मखमल काढताना मुखपट्टी, हातमोजे आणि हवा खेचणारं कपाट लागतं. फुंकर मारून पट्टी साफ करणाऱ्याला प्रयोगशाळेतून बाहेर काढावं, मग तो कितीही हुशार असो.

"मग संगणक कधी होणार त्याचा?"

झालाय की, लहानसा. अमेरिकेत स्टॅनफर्डला 2013 साली 178 ट्रान्झिस्टरचा, आणि 2019 साली एमआयटीत 14,000हून जास्त ट्रान्झिस्टरचा. अडचण उगवण्याची नाही. अडचण ही, की भट्टीतून धातूच्या आणि अर्धवाहक नळ्या एकत्र निघतात. 3ने भाग जाणाऱ्या तिसरा हिस्सा, न जाणाऱ्या दोन तृतीयांश. ट्रान्झिस्टरला एकच जात हवी, एकही धातूची नळी मध्ये शिरली की तो भाग बंदच होत नाही, वीज वाहतच राहते. निवडत बसणं शक्य आहे, पण महाग. खरी युक्ती पाहिजे तीच जात उगवायची. 2014 साली बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या गटाने टंगस्टन आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचा कण घेतला, जो भट्टीच्या तापमानाला वितळत नाही, त्याच्या पृष्ठभागाची ठेवण कायम राहते. नळीची टोपी त्या ठेवणीवर बेतूनच बसते. 92 टक्क्यांहून जास्त नळ्या एकाच नावाच्या निघाल्या: (12,6).

थोरल्याने बोटावर वजाबाकी केली. "6. भाग जातो. मग ती धातूचीच झाली, आजोबा! ट्रान्झिस्टरवाल्यांच्या काय कामाची?"

बरोबर पकडलंस. तारांच्या कामाची, ट्रान्झिस्टरच्या नाही. म्हणून इतर मंडळी दुसऱ्या मिश्रधातूंच्या मागे लागली आहेत. आता तुमची पाळी. (6,5), (8,4), (13,4), (9,0). सकाळी चहाच्या वेळेपर्यंत कागदावर लिहून ठेवा, कुठली धातूची आणि कुठली अर्धवाहक. (9,0) जपून करा, तिच्यात एक गोम आहे. नियमाने ती धातू ठरते, पण नळी इतकी बारीक की भिंतीच्या वळणाने इलेक्ट्रॉनची वाट किंचित तुटते, आणि मोजायला गेलं तर थोडीशी अर्धवाहकच निघते. आणि धाकटे, कापूर देवघरातच राहू दे, ताटलीचा प्रयोग रविवारी मी असताना.